दादासाहेब फाळके आणि त्यांचें नाशिक

वऱ्हाडांतून त्र्यंबकेश्वराच्या यात्रेस जाणारांची संख्या कांहीं लहान नाहीं. आमच्या यवतमाळाहूनहि धामणगांवास किंवा बडनेऱ्यास गाडी धरून माणसें नाशिकरोडला उतरतात, रामकुंडावर स्नान करतात, कुशावर्ताचें तीर्थ गडव्यांत भरून घेतात आणि परततात. त्याच त्र्यंबकास ३० एप्रिल १८७० रोजीं भारतीय चित्रपटाचा जनक जन्मला, हें त्यांतील फारच थोड्यांच्या ध्यानीं असतें.

धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचें घराणें शास्त्र्यांचें. वडील दाजीशास्त्री मुंबईस गेले, तेव्हां बिऱ्हाडहि गेलें. मुलगा मात्र पोथीकडे न वळतां जे. जे. कलाशाळा, बडोद्याचें कलाभवन, छायाचित्रण, मुद्रण अशीं वळणें घेत चाळिशीच्या घरांत सिनेमाच्या नादीं लागला. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. कीर्ति व पैसा मुंबईनें दिला असतां एखाद्या धोरणी धंदेवाल्यानें तेथेंच ठाण मांडलें असतें. दादासाहेबांनीं त्याच वर्षीं संसार आणि कारखाना दोन्ही उचलून नाशिकास नेलीं!

ही केवळ जन्मभूमीची ओढ होती असें मानण्याचें कारण नाहीं. त्या काळीं चित्रीकरण सूर्यप्रकाशावर चाले, आणि पुराणकथेला नदी, घाट, देवळें, डोंगर लागत. नाशिकास हें सारें दाराशीं. शिवाय पंचवटी म्हटली कीं रामकथा आलीच. १९१७ सालचा ‘लंकादहन’ येथलाच. अण्णा साळुंके ह्या एकाच नटानें त्यांत राम आणि सीता दोघांचीं कामें केलीं. गोदावरीच्या व त्र्यंबकाच्या देखाव्यांचेहि लहान चित्रपट दादासाहेबांनीं घेतले.

गृहिणींनीं विशेष लक्षांत ठेवावी अशी गोष्ट सरस्वतीबाईंची. पहिल्या चित्रपटासाठीं त्यांनीं अंगावरचे दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकून रात्रीं फितीला भोंकें पाडलीं, ती रसायनांत धुतली, दिवसा उन्हांत पांढऱ्या चादरी धरून नटांवर उजेड पाडला. एवढ्या श्रमांचा उल्लेख पडद्यावर कोठेंच नाहीं.

इटलीच्या समुद्रकांठीं रिमिनी नांवाचें गांव आहे. फेडेरिको फेलिनी हा दिग्दर्शक १९२० सालीं तेथें जन्मला. १९७३ चा ‘आमारकोर्द’ हा त्याचा चित्रपट बालपणींच्या गांवावरचा. पण तें गांव त्यानें रोमच्या चित्रनगरींत कृत्रिम उभारलें. १९९३ सालीं मृत्यूनंतर मात्र त्याचा देह रिमिनीसच विसांवला. फाळक्यांनीं गांवाची प्रतिकृति केली नाहीं. गांवच कामास लावलें. मला हें अधिक अवघड वाटतें, कारण खऱ्या गांवांत खरीं भांडणेंहि असतात.

तीं झालींच. १९१८ सालीं भांडवलदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि लवकरच मतभेद विकोपास गेले. दादासाहेब सहकुटुंब काशीस जाऊन राहिले. तेथें त्यांनीं ‘रंगभूमि’ हें नाटक लिहिलें. अच्युतराव कोल्हटकरांसारख्यांनीं परत या म्हणून आग्रह धरला, आणि अखेर ते पुन्हां नाशिकास, त्याच कंपनींत आले. अभिमानी मनुष्यास हें परतणें सोपें गेलें नसावें.

पुढें बोलपट आला आणि त्यांचा काळ सरला. १९३७ चा ‘गंगावतरण’ त्यांनीं कोल्हापुरास केला. उरलेलें आयुष्य नाशिकांतच, ओढगस्तींत गेलें. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं तेथेंच त्यांनीं देह ठेवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं आज त्यांचें स्मारक आहे.

‘लंकादहना’चे आतां कांहीं तुकडेच उरले आहेत. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा वांचला. त्यांतील बाळकृष्ण म्हणजे दादासाहेबांची सहा-सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्यापूर्वीं ती एकटीच पडद्यावर येते आणि राग, हंसूं, रडूं असे एकामागून एक भाव चेहऱ्यावर करून दाखविते.