खोळंब्याची मोजदाद

सर्व्हर मंदावल्याची वर्दी येताच लिनक्सवर काम करणारा मनुष्य टर्मिनल उघडून प्रथम 'अपटाइम' ही आज्ञा देतो, आणि उत्तरादाखल आलेल्या ओळीच्या अखेरीस उभ्या असलेल्या तीन दशांश आकड्यांवर त्याची दृष्टी खिळते. पुढे 'टॉप', 'फ्री', 'व्हीएमस्टॅट' या आज्ञांचा क्रम लागतो खरा, परंतु मनातल्या मनात निकाल बहुधा त्या तीन आकड्यांवरच देऊन झालेला असतो. गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांतील यंत्रावरचा सरासरी भार, असे त्यांचे वर्णन सर्वश्रुत आहे. तथापि हा भार म्हणजे नेमकी कशाची मोजदाद, ती प्रथम कोणी मुक्रर केली आणि पुढे तिच्यात फेरफार कोणी केला, या प्रश्नांनी मला पुष्कळ वर्षे पछाडले आहे. आणि त्यांचा माग काढताना जे जे वाचनात आले, त्यात १९९३ साली एका जर्मन प्रोग्रामरने लिहिलेले छोटेसे पत्र मला सर्वांत मोलाचे वाटत आले आहे.

व्हर्च्युअल मेमरीची जन्मकथा वाचकांस ठाऊक असल्याने ती विस्ताराने सांगत नाही. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युन्च यांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रबंधात, प्रत्येकी १०० शब्दांचे अवघे ६ खण एवढीच जलद मेमरी बाळगणाऱ्या यंत्राने १,००,००० शब्दांच्या ड्रमवरील सारा मजकूर हाताशी असल्यासारखा कसा वापरावा, याची तजवीज आहे. तीच कल्पना मँचेस्टर येथे टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी यांनी ७ डिसेंबर १९६२ रोजी उद्घाटन झालेल्या अ‍ॅटलस यंत्रात प्रत्यक्षात उतरविली. मामलेदार कचेरीतील कारकुनाने मेजावर चारच रुमाल ठेवावेत आणि बाकीची दप्तरे लागतील तशी शिपायाकरवी दप्तरखान्यातून मागवावीत, तसा हा व्यवहार होय: खेपा बेताच्या असतील तोवर काम सुरळीत चालते, आणि त्या वाढल्या, की शिपाई धापा टाकत असताना कारकून मात्र हातावर हात ठेवून बसलेला दिसतो.

या शेवटच्या अवस्थेचे शास्त्र पीटर डेनिंग यांनी १९६८ साली मांडले. मेमरी अपुरी पडू लागली म्हणजे प्रत्येक प्रोसेस आपले पान डिस्कवरून येण्याची वाट पाहू लागते. साऱ्याच वाट पाहत असल्यामुळे प्रोसेसर रिकामा पडतो. तो रिकामा दिसल्यामुळे नव्या प्रोग्रामांना प्रवेश मिळतो. आणि या नवागतांनी जुन्यांची पाने बेदखल केल्यामुळे वाट पाहणाऱ्यांची संख्या आणखी वाढते. या दुष्टचक्राला व्यवसायात 'थ्रॅशिंग' म्हणतात. त्यातील मर्म असे, की यंत्र ज्या वेळी अत्यंत संकटात असते, त्याच वेळी त्याचा प्रोसेसर अत्यंत निवांत भासतो. सबब, केवळ प्रोसेसरची हजेरी घेणारे कोणतेही मापन या प्रसंगी बरोबर उलटी साक्ष देणार, हे उघड आहे.

बर्कली येथील प्रकरणापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण 'व्हीएमस्टॅट'चा उगम तेथला. व्हॅक्स-११/७८० हे यंत्र विद्यापीठात दाखल झाले तेव्हा बेल प्रयोगशाळेकडून त्यासाठी मिळालेले युनिक्स आख्खी प्रोसेस उचलून डिस्कवर टाकीत असे. सुटी पाने ने-आण करण्याची विद्या त्याला अवगत नव्हती. ओझाल्प बाबाओग्लू या तुर्की संशोधक-विद्यार्थ्याने विल्यम जॉय यांच्या साहाय्याने ती उणीव भरून काढली आणि १९७९ च्या अखेरीस ३बीएसडी या नावाने ते युनिक्स बाहेर पडले. अडचण अशी होती, की कोणते पान नुकतेच वापरले गेले याची नोंद ठेवणारा बिटच व्हॅक्सच्या रचनेत नव्हता. आणि ही नोंद नसेल तर कोणाला काढावे आणि कोणाला राखावे, याचा निवाडा कशाच्या आधारे करावयाचा? दोघांनी युक्ती काढली. पान मेमरीत शाबूत असताना ते नसल्याची खूण करून ठेवावयाची. कोणी त्याला हात लावला, की यंत्र फिर्याद घेऊन कर्नलकडे येते, कर्नल तेच पान जसेच्या तसे बहाल करतो, आणि या निमित्ताने वापराची रुजुवात होऊन जाते. बर्कलीच्या 'व्हीएमस्टॅट'मध्ये 'आरई' नावाचा रकाना आहे, तो अशा बहाल केलेल्या पानांचा. पुढे ज्या यंत्रांना ही उणीव नव्हती, त्यांवर चालणाऱ्या सोलारिसमध्येही हा रकाना वारसाहक्काने चालत आला, आणि कित्येक व्यवस्थापकांनी त्यातील आकड्यावर चिंता वाहिली. हेन्री वेअर यांनी १९९४ साली लिनक्ससाठी 'व्हीएमस्टॅट' लिहिला, त्यात मात्र 'आरई'ला जागा नाही. एकूण पाहता, मोजमापाच्या तक्त्यात काय दिसावे हे पुष्कळदा सोयीवर आणि गतकाळच्या अडचणींवर ठरलेले असते. तक्ता समोर आला म्हणजे त्यातील प्रत्येक रकाना आपल्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आखलेला आहे, असे समजण्याचे कारण नाही.

त्या तीन आकड्यांची वंशावळ याहूनही जुनी आहे. पीडीपी-१० या यंत्रासाठी अमेरिकेतील बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन या संस्थेत टेनेक्स नावाची प्रणाली तयार झाली होती. आर्पानेटच्या टिपणमालिकेतील ५४६ व्या टिपणात जुलै १९७३ मधील टेनेक्स यंत्रांच्या भाराची हकिगत आली असून, सोबत हाताने काढलेला आलेखही जोडलेला आहे. भाराची व्याख्या तेथे स्वच्छ आहे: प्रोसेसरची मागणी करणाऱ्या प्रोसेसची सरासरी संख्या. टेनेक्सच्या मूळ आज्ञावलीत दर ५ सेकंदांनी ही गणना करून जुन्या मूल्याला ०.९२००४३९०२ ने गुणण्याची सोय आहे, ती एका मिनिटाच्या आकड्यासाठी. आणि आजच्या लिनक्समध्ये जुन्या मूल्याला १८८४ ने गुणून २०४८ ने भागतात, तोही हिशेब पाच सेकंदांचाच आणि गुणकही जवळजवळ तोच. या रीतीमुळे जुने मूल्य हळूहळू क्षीण होत जाते, एकदम गळून पडत नाही. म्हणून स्वस्थ यंत्रावर एकच अखंड काम सुरू केले, तर मिनिटभराने 'एका मिनिटाचा' आकडा १ दाखवीत नाही, सुमारे ०.६३ दाखवितो. अर्धशतक उलटून गेले तरी हा गुणक कोणी हलविलेला नाही.

गुणक राहिला, मोजणी मात्र बदलली. लिनक्सच्या आकड्यांत प्रोसेसरची वाट पाहणाऱ्यांबरोबर डिस्कची वाट पाहणाऱ्या प्रोसेसही धरल्या जातात, ही गोष्ट इतर युनिक्सवाल्यांना नेहमीच विपरीत वाटत आली. कोणी तिला दोष म्हणत, कोणी अज्ञान, आणि कारण कोणालाच सांगता येत नसे. नेटफ्लिक्समध्ये काम करणारे ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ साली या कारणाचा पिच्छा पुरविला. लिनक्सच्या बदलांचा अधिकृत इतिहास त्यांनी मागे मागे चाळला, तो पुरला नाही. अखेर जुन्या लिनक्सची दप्तरे जतन करणाऱ्या एका संग्रहातील १९९३ सालच्या पत्रांच्या बाडात त्यांना हवा असलेला कागद सापडला. त्यावर तारीख आहे २९ ऑक्टोबर १९९३, आणि लिहिणार मातियास उर्लिख्स.

पत्र अगदी थोडक्यात आहे. विषयाच्या जागी, भाराची सरासरी बिघडली आहे काय, अशा आशयाचा प्रश्न. उर्लिख्स यांची कैफियत अशी, की कर्नल केवळ धावण्यास तयार असलेल्या प्रोसेस मोजतो, परंतु ज्या प्रोसेस स्वॅप होत आहेत अथवा डिस्कच्या कामात अशा अडकल्या आहेत की त्यांना मध्येच उठविता येत नाही, त्यांचाही यंत्रावर बोजा पडतच असतो. याचा दाखला म्हणून त्यांनी जे उदाहरण दिले, त्याला तोड नाही: स्वॅपची जलद डिस्क काढून तिच्या जागी मंद डिस्क बसविली, तर प्रोसेस अधिक काळ खोळंबतील, धावण्यास तयार असणाऱ्यांची संख्या घटेल, आणि यंत्र अधिक रखडत असताना भाराचा आकडा मात्र खाली येईल! डेनिंग यांनी पंचवीस वर्षांपूर्वी दाखविलेला विपर्यास येथे एका वाक्यात पकडला गेला आहे. पत्रासोबत उर्लिख्स यांनी दुरुस्तीही धाडली होती. कर्नलमधील मोजणीच्या फेऱ्यात, प्रोसेस 'रनिंग' अवस्थेत असेल तर बेरीज वाढवावी, एवढीच अट होती. तिला 'अनइंटरप्टिबल' आणि 'स्वॅपिंग' या दोन अवस्थांची जोड देण्यात आली. ही दुरुस्ती ०.९९.१४ या आवृत्तीत समाविष्ट झाली आणि तेव्हापासून लिनक्सचा भार इतरांच्या भारापासून फारकत घेऊन राहिला. चोवीस वर्षांनी ग्रेग यांनी विचारणा केली असता उर्लिख्स यांनी आपली बाजू सोडली नाही: यंत्र किती गुंतलेले आहे हे माणसाला कळावे एवढ्यासाठीच हा आकडा आहे, आणि डिस्कपायी रखडलेल्या यंत्राचा भार ०.१ दिसला तर त्याचा कोणास काय उपयोग, असा त्यांचा आशय होता.

प्रतिपक्षाचे म्हणणेही पोकळ नाही. ०.९९.१४ मध्ये या अडकलेल्या अवस्थांत शिरण्याच्या जागा १३ होत्या. ग्रेग यांनी ४.१२ या आवृत्तीत गणना केली, तेव्हा त्या ४०० च्या घरात गेलेल्या आढळल्या, आणि त्यांपैकी काहींचा डिस्कशी संबंधच नाही. त्या केवळ कुलपे मोकळी होण्याची प्रतीक्षा आहेत. नेटवर्कवरील फाइलव्यवस्था दुसऱ्या टोकाला मूक झाली, की तिच्या दाराशी तिष्ठणाऱ्या प्रोसेस एकेक करून साचत जातात, भाराचा आकडा शेकड्यांत जातो, आणि प्रोसेसर व डिस्क दोन्ही निवांत असतात. कर्नलमध्ये ज्या फाइलीत हे गणित आहे, तिच्या माथ्यावरच एक टिप्पणी आहे. हा आकडा खुळा आहे, पण लोकांना तो महत्त्वाचा वाटतो, अशी कबुली तिच्यात दिलेली आढळते. माझे मत असे, की उर्लिख्स यांचा प्रश्न पूर्णतया रास्त होता, उपाय तेवढा नव्हता. धावणाऱ्यांची आणि खोळंबलेल्यांची बेरीज एकाच आकड्यात कोंबल्यावर तो आकडा का वाढला, हे सांगण्याची सोय राहत नाही. आणि शिवाय अडकलेल्यांची केवळ डोकी मोजली जातात, त्यांचा वाया गेलेला काळ मोजला जात नाही.

तो काळ मोजण्याची व्यवस्था डिसेंबर २०१८ मध्ये, लिनक्सच्या ४.२० या आवृत्तीत आली. फेसबुकमधील योहानेस वायनर यांनी सिद्ध केलेल्या या सोयीत '/प्रॉक/प्रेशर' या जागी प्रोसेसर, मेमरी आणि आयओ यांच्या तीन स्वतंत्र फाइली असतात. मेमरीच्या फाइलीत दोन ओळी आहेत. 'सम' या ओळीत किमान एखादी तरी प्रोसेस मेमरीपायी अडून राहिली असा काळ शेकडा किती गेला, हे लिहिलेले असते. 'फुल' या ओळीत, काम असलेल्या साऱ्याच प्रोसेस एकदम अडल्या असा काळ. दोन्हींच्या सरासऱ्या १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या. डेनिंग यांचे थ्रॅशिंग या 'फुल'च्या ओळीत प्रथमच उघड्या डोळ्यांनी, आणि इतर कोणत्याही कारणाशी सरमिसळ न होता, पाहावयास मिळते. ही सोय केवळ सर्व्हरवाल्यांच्या कामाची आहे असेही नाही. अँड्रॉइड १० पासून फोनमधील मेमरी आटू लागली की कोणते अ‍ॅप बंद करावे, याचा निर्णय घेणारी सेवा याच दाबाचा आधार घेऊ शकते.

मेमरी किती रिकामी आहे, या प्रश्नापायी आपल्या व्यवसायात जेवढा कालापव्यय झाला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशापायी झाला असेल. 'फ्री'चा आकडा लहान दिसला म्हणून घाबरून जाणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या सल्ल्याने विनाकारण वाढविलेली रॅमही पाहिली आहे. वस्तुतः लिनक्स मोकळी जागा फाइलींच्या कॅशसाठी वापरून टाकतो आणि गरज पडताच बहुतांशी परत करतो. रिक व्हॅन रील यांनी २०१४ साली ३.१४ या आवृत्तीत 'मेमअव्हेलेबल' हा अंदाज जारी करवून या गैरसमजाला बराचसा पायबंद घातला, आणि आजच्या 'फ्री' आज्ञेत 'अव्हेलेबल' हा रकाना त्यावरूनच भरला जातो. त्याचप्रमाणे 'व्हीएमस्टॅट'मधील 'एसडब्ल्यूपीडी' या रकान्यात मोठा आकडा दिसला म्हणून दचकू नये. कधीकाळी स्वॅपमध्ये गेलेली आणि नंतर कोणी न मागितलेली पाने तेथे निवांत पडून राहतात, व त्यांपासून कोणास उपद्रव नसतो. उपद्रव असतो तो ये-जा सतत चालू असली म्हणजे.

ज्यांच्या माथी यंत्रांची देखभाल आहे अशा वाचकांना एवढीच विनंती आहे, की पुढच्या वेळी तक्रार आल्यावर प्रथम मेमरीच्या दाबाची फाइल वाचावी. त्यानंतर 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा द्यावी आणि तिची पहिली ओळ सोडून द्यावी, कारण ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, चालू क्षणाची नसते. पुढील ओळींत 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन्ही रकाने एकसारखे भरत असतील, 'बी'मध्ये अडकलेल्यांची संख्या वाढती असेल आणि 'यूएस' मात्र दोन-चार टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर मेमरी खरोखरच अपुरी आहे, एवढे निःशंक समजावे. भाराचे तीन आकडे शेवटी पाहावेत, आणि तेही कल कोणीकडे आहे एवढ्यापुरते. दाबाची फाइल सापडलीच नाही, तर कर्नल ४.२० च्या आधीचा आहे काय ते पाहावे; नसेल तर ती सोय बंद ठेवलेली असणार, आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ सारख्या वितरणात ती सुरू करण्यासाठी बूटच्या वेळी कर्नलला 'पीएसआय=१' एवढे सांगितले की पुरते.