तारांगणाला जाताय? आधी घरात बसून ठरवा

सुट्टीचा दिवस. आई, बाबा, आजी, दहा वर्षांची ताई आणि चार वर्षांचा धाकटा असं सगळं कुटुंब तारांगणात येऊन बसलं. दिवे मंदावले, डोक्यावरचा घुमट काळोखात बुडाला आणि हजारो तारे उजळले. ताई हरखून गेली. दुसऱ्याच मिनिटाला धाकट्यानं भोकाड पसरलं, ‘‘मला बाहेर जायचंय!’’ आई त्याला कडेवर घेऊन अंधारात चाचपडत दाराकडे निघाली. आजीची मान अवघडली होती आणि निवेदनातलं अर्धंअधिक तिला कळत नव्हतं. खेळ संपल्यावर ताईनं विचारलं, ‘‘पुन्हा कधी यायचं?’’ उत्तर कुणीच दिलं नाही.

चूक तारांगणाची नव्हती, मुलाचीही नव्हती. साधा सिनेमा असेल तर कंटाळलेल्या मुलाला पाच मिनिटं बाहेर फिरवून आणता येतं. तारांगणाच्या गडद अंधारात तसं सहज जमत नाही. अनेक ठिकाणी एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत. म्हणूनच घरातल्या ज्या माणसाला हा अनुभव सर्वांत जड जाईल, त्याचा विचार आधी करा. त्याची सोय झाली की बाकीच्यांची आपोआप होते.

खुर्ची हलल्यासारखी का वाटते?

१९२३ साली जर्मनीतल्या झाइस कंपनीनं म्युनिकमध्ये घुमटावर तारे दाखवणारा प्रक्षेपक पहिल्यांदा सादर केला. कल्पना आजही तीच आहे. सिनेमाच्या पडद्याला कडा असतात, त्यामुळे आपण चित्राबाहेर बसलो आहोत हे मेंदूला ठाऊक असतं. घुमटावरच्या चित्राची कड सहजासहजी दिसत नाही, ते नजरेच्या कोपऱ्यापर्यंत पसरलेलं असतं. आकाश फिरू लागलं की आपली खुर्चीच फिरतेय असं वाटतं. डोळे सांगतात ‘हालतोय’, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘बसलोय’. या गोंधळात गंमत आहे आणि काहींना मळमळतं ते त्यामुळेच.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना हे आधीच सांगून ठेवा. खेळाच्या तासभर आधी हलकं खाऊ द्या, भरल्या पोटी नेऊ नका आणि अगदी उपाशीही नको. गरगरलं तर डोळे मिटून पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे. दोन मिनिटांत बरं वाटतं. घरात कुणाला फिट येत असतील तर खेळात झगमगते दिवे आहेत का, हे तिकीट काढण्याआधी विचारा आणि डॉक्टरांचा सल्लाही घ्या.

लहानग्यांसाठी

बऱ्याच तारांगणांत ठरावीक वयाखालच्या मुलांना प्रवेश नसतो. ती वयोमर्यादा फोन करून विचारून घ्या. मूल त्याहून लहान असेल तर मोठ्यांनी दोन पाळ्या करा: एकानं पहिला खेळ बघायचा, दुसऱ्यानं तोवर मुलाला प्रदर्शन किंवा बाग दाखवायची. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाच्या आवारात विज्ञान उद्यान आहे, तिथे हा वेळ मजेत जातो.

प्रवेश मिळत असला तरी अंधाराची सवय घरीच करून द्या. रात्री खोलीतला दिवा घालवा, चादरीचा तंबू करा आणि बॅटरीनं छतावर ‘तारे’ पाडा. ‘तिथेही असाच अंधार होईल, आणि मी तुझा हात धरून बसेन’ एवढं सांगितलं की निम्मी भीती जाते. चालताना दिवे लागणारे बूट मात्र त्या दिवशी घरीच ठेवा. अंधारात तो प्रकाश सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. मोठ्यांच्या मोबाइलचं आणि हातातल्या स्मार्ट घड्याळाचंही तेच.

आजी-आजोबांसाठी

पायऱ्या किती आहेत, लिफ्ट किंवा व्हीलचेअर मिळेल का, स्वच्छतागृह कुठे आहे, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. मानेचा त्रास असेल तर जिथून मान फार वर करावी लागणार नाही अशी जागा निवडा. बहुतेक वेळा ती मागच्या रांगांत मिळते. मानेखाली ठेवायला एखादी शाल गुंडाळून न्या. लांबचं बघायचा चष्मा विसरू नका. श्रवणयंत्र असेल तर आवाज कमी कसा करायचा ते अंधार होण्याआधीच बघून ठेवा.

भाषेचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या घरांत हा मुद्दा हमखास निसटतो. मुंबईच्या नेहरू तारांगणात मराठीतही खेळ होतात. कोलकात्यात बंगाली, हिंदी आणि इंग्रजी, हैदराबादमध्ये तेलुगू आणि इंग्रजी अशी सोय असते. मुलांना इंग्रजी बरं पडतं म्हणून तोच खेळ निवडला जातो आणि आजी तासभर नुसती बसून राहते. सगळ्यांना कळेल अशी भाषा कोणती, हे आधी ठरवा. तशी एकच भाषा नसेल तर आदल्या रात्री आजीला विषय मराठीत सांगा.

खरं तर आजीकडेच सांगण्यासारखं पुष्कळ असतं. कृत्तिका, रोहिणी, मृग ही नावं तिला पंचांगामुळे तोंडपाठ असतात. नातवंडांनी शाळेत ती ‘प्लीअडीज’, ‘अल्डेबरान’, ‘ओरायन’ म्हणून वाचलेली असतात. तारा एकच, नावं दोन, हे घुमटाखाली दोघांनाही एकदम उमगतं.

वेळ आणि वाट

मुंबई आणि दिल्लीची तारांगणं सोमवारी बंद असतात. इतरत्र सुट्टीचा वार वेगळा असू शकतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी खात्री करा. तिकीट फक्त खिडकीवरच मिळतं का, तेही विचारा. अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा, कारण खेळ सुरू झाल्यावर दार उघडत नाहीत. मुंबईत वरळीला नेहरू तारांगण आणि नेहरू विज्ञान केंद्र या दोन वेगळ्या जागा आहेत. टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगा, नाहीतर चुकीच्या दारात उतराल.

एका फेरीत आणखी काही बघायचं असेल तर एकच जागा जोडा. कोलकात्याचं बिर्ला तारांगण १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालं. सांचीच्या स्तूपासारखी ही इमारत व्हिक्टोरिया मेमोरियलच्या जवळच आहे. दिल्लीचं तारांगण तीन मूर्ती भवनाच्या आवारात आहे. राकेश शर्मा १९८४ साली ज्या सोयुझ कुपीतून पृथ्वीवर परतले, ती तिथे ठेवलेली आहे. प्रयागराजचं जवाहर तारांगण आनंद भवनाच्या आवारात आहे.

घरी आल्यावर

त्याच रात्री, आकाश निरभ्र असेल तर सगळ्यांनी गच्चीवर जा. उन्हाळ्याच्या सुट्टीत संध्याकाळनंतर उत्तरेला सप्तर्षी वर आलेले असतात. त्यांच्या चौकोनाच्या टोकाचे दोन तारे, पुलह आणि क्रतु, जोडून ती रेघ क्रतुच्या दिशेनं साधारण पाचपट पुढे न्या, की ध्रुवतारा सापडतो.

आता हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे आकाशात साधारण दहा अंश. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत दिल्लीत जवळजवळ तीन मुठी भरतात, मुंबईत दोनला थोड्या कमी, चेन्नईत एकीपेक्षा जरा जास्त. आपण जितके उत्तरेला, तितका ध्रुव वर.

मग गावाकडे काकांना फोन लावा आणि त्यांनाही मोजायला सांगा. मुठींचा आकडा वेगळा येईल, तारा मात्र दोन्हीकडे एकच असेल. धाकट्याला ही गंमत कळली, की पुढच्या वेळी तारांगणाच्या दारात तो रडत नाही, आजीचा हात धरून पुढे पळतो.