राउटरची निवड : काप कडेवरून की मधूनच?

लाकडाच्या कडेला गोलाई किंवा कंगोरा काढणे, फळीत खाच पाडणे, कुसू म्हणजे लाकडाचे पुढे काढलेले टोक बसवण्यासाठी चौकटीत भोक कोरणे ही कामे पूर्वी रंधा आणि पटाशी यांनीच होत असत. आज त्यांतील बरीच कामे राउटर या विजेच्या हत्याराने होतात. राउटरची मोटर कापणारे पाते, म्हणजे बिट, मिनिटाला सुमारे १०,००० ते २५,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरवते आणि हा बिट कॉलेट नावाच्या पकडीत आवळलेला असतो. मोटर तळावर कशी बसवलेली आहे, यावरून राउटरचे स्थिर तळाचा आणि प्लंज असे दोन प्रमुख प्रकार पडतात.

स्थिर तळाच्या राउटरमध्ये कापाची खोली आधी ठरवून मोटर तळात घट्ट आवळतात आणि काम चालू असताना ती खोली बदलत नाही. मुठी लाकडाच्या जवळ आणि वजन खाली असल्यामुळे अरुंद कडेवरूनही हे हत्यार डगमगत नाही. म्हणून कंगोरे काढण्यासाठी, तसेच पताम म्हणजे कडेची पायरीसारखी खाच पाडण्यासाठी ते अधिक सोयीचे ठरते. सनमायकाच्या कडा साफ करणारा छोटा ट्रिमर याच कुळातला आहे. मेजाखाली उलटा बसवतानाही प्लंजमधील स्प्रिंगचा अडथळा नसल्याने स्थिर तळाच्या राउटरची खोली बारकाईने साधता येते.

प्लंज राउटर १९४९ मध्ये जर्मनीतील एलू या कंपनीने आणला. त्याची मोटर स्प्रिंग असलेल्या दोन खांबांवर वरखाली सरकते. त्यामुळे फिरता बिट फळीच्या मधोमध सरळ खाली उतरवता येतो आणि काप संपताच वर घेता येतो. खोलीच्या मर्यादा पायऱ्यापायऱ्यांनी आधीच ठरवता येत असल्याने ३० मिलिमीटर खोल भोक एकदम न कोरता, दर फेरीला ५-६ मिलिमीटर असे कोरले जाते. स्थिर तळाचे हत्यार येथे तिरपे धरून लाकडात घुसवावे लागते, आणि त्यात काप बिघडण्याचा व इजा होण्याचा धोका असतो. मात्र प्लंजचे वजन अधिक आणि मुठी उंच असल्यामुळे अरुंद कडेवर त्याचा तोल सांभाळणे अवघड जाते.

कोणत्याही प्रकारात मोठ्या व्यासाचा बिट कमी वेगाने चालवावा, फळीच्या बाहेरच्या कडेने राउटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने न्यावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि बिट बदलण्यापूर्वी प्लग काढावा.

ज्याचे बहुतेक काप कडेवरून सुरू होतात, त्याने स्थिर तळाचा राउटर घ्यावा. ज्याला फळीच्या मधूनच काप सुरू करावे लागतात, त्याने प्लंज घ्यावा. आणि दोन्ही कामे नित्याची असतील, तर एका मोटरसोबत दोन्ही तळ देणारा संच घेणे सर्वांत शहाणपणाचे ठरते.