पहाटेचं फिरणं, दुपारचं ऊन

बाबा साताऱ्याहून पहिल्यांदा गुरुग्रामला आमच्याकडे राहायला आले ते डिसेंबरात. चाळीस वर्षं पहाटे अजिंक्यताऱ्याची वाट चढलेला माणूस. दुसऱ्याच दिवशी साडेपाचला कानटोपी-मफलर चढवून ते दारात उभे. समोरची इमारत दिसत नव्हती. "काय सुरेख धुकं पडलंय," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, थांबा. खिडकी उघडून आधी वास घ्या." जळकट वास होता. बाबांनी मफलर सोडला आणि खुर्चीत बसले, पण दिवसभर घुटमळत राहिले. पहाटे फिरलं नाही तर तब्येत कशी राहायची, हा त्यांचा प्रश्न अगदी खरा होता. इथल्या बहुतेक मराठी घरांत आईवडील आले की तो पडतोच.

पहाटेची हवा सर्वांत शुद्ध असते, हे आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो. साताऱ्याच्या गडावर ते लागू असेल. दिल्लीच्या आसपास हिवाळ्यात मात्र बरोबर उलटं घडतं. रात्री जमीन झपाट्यानं गार होते, तिला टेकलेली हवाही गार होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर पातेल्यावर झाकण ठेवावं तसा बसतो. रात्रभर धावणाऱ्या ट्रकांचा धूर, शेकोट्यांचा धूर, बांधकामांची धूळ, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. पहाटे ते सर्वांत दाट असतं. दुपारी ऊन तापलं की जमीन गरम होते, झाकण वर उचललं जातं, हवा खालवर मिसळते. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत दुपारी एक ते चार हा वेळ पहाटेपेक्षा पुष्कळ बरा. 'बरा' म्हणजे 'चांगला' नव्हे. निघण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहावा. आमच्या शहरात विकास सदन आणि सेक्टर ५१ इथं मोजणी केंद्रं आहेत. आकडा ३०० च्या वर असेल तर व्यायाम घरातच. दमताना आपण बसल्या जागेपेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो, आणि तिच्याबरोबर ती सूक्ष्म धूळही. रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून ती अडत नाही. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर या दिवसांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाहेर धावूच नये.

एप्रिल ते जूनमध्ये घड्याळ पुन्हा फिरतं. दुपारी लू चालते, पारा ४५ अंशांना टेकतो. तेव्हा मात्र बाबांची पहाटच योग्य.

हिवाळ्यातल्या दुपारच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे, आणि तिथंही एक जुना समज आडवा येतो. 'ड जीवनसत्त्वासाठी सकाळचं कोवळं ऊन घ्यावं.' त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करतात ते अतिनील किरणांतले 'ब' गटाचे किरण. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्यांना वातावरणातून तिरपा, लांबचा प्रवास करावा लागतो आणि ते वाटेतच शोषले जातात. कोवळं ऊन अंगाला सुखावतं, पण ड जीवनसत्त्वाच्या कामाचं ऊन साधारण अकरा ते दोनच्या दरम्यानचं. काचेतून तर हे किरण जवळजवळ येतच नाहीत. सायबर सिटीतल्या काचेच्या इमारतींत खिडकीशेजारची जागा मिळाली म्हणून आपण खूश असतो, दिवसभर उन्हात बसलो असं वाटतं. ड जीवनसत्त्वाच्या हिशेबात ती सावलीच. जेवणाच्या सुट्टीत बाह्या दुमडून बाहेर वीस मिनिटं चाललं, तर ऊनही मिळतं, पायही मोकळे होतात, आणि जेवल्यावर चढणारी रक्तातली साखरही स्नायू वापरतात. जेवणानंतर लगेच चालू नये हा समज शतपावली घालणाऱ्या आपल्या लोकांत तरी असायला नको होता. धावू नये, हे ठीक. चालावं.

आता पावलं. दहा हजार झाल्याशिवाय दिवस फुकट, असं मनगटावरचं घड्याळ सांगतं. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव जिभेवर बसलं आणि जगभर नियम झालं. २०१९ मध्ये अमेरिकेत आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी आढळलं, आणि हा फायदा ७,५०० च्या आसपास जाऊन थांबला. दोन गटांत बाकीचेही फरक असू शकतात हे धरूनही, आमच्या इमारतीतल्या आजींना मी हेच आकडे सांगते. दहा हजारांच्या धाकानं त्या घराबाहेर पडायच्याच बंद झाल्या होत्या.

व्यायाम म्हणजे ट्रॅकसूट, फी आणि सलग एक तास, हाही असाच धाक. १९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसच्या चालकांची आणि कंडक्टरांची तुलना केली. एकाच बसमधली, एकाच वर्गातली माणसं. पण दिवसभर बसून असलेल्या चालकांना हृदयविकार जास्त, आणि दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. पायी टपाल वाटणारे आणि टेबलावर बसणारे कर्मचारी यांच्यातही तेच दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या शिफारशींत 'निदान सलग दहा मिनिटं' ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागणारी हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना जोर लावणारं काही. तुकड्यातुकड्यांत चालतं. मिलेनियम सिटी सेंटर मेट्रो स्थानकाचे जिने सरकत्या जिन्याऐवजी पायांनी चढणं त्यात धरायचं.

आणि जे आवडतं ते टिकतं. या शहरानं ते एकदा देशाला दाखवलं आहे. १७ नोव्हेंबर २०१३ च्या रविवारी इथं काही रस्ते गाड्यांना बंद करून माणसांना मोकळे केले. 'राहगिरी' म्हणतात त्याला. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून चालणाऱ्या अशाच रविवारांवरून ती कल्पना घेतली होती. एरवी पदपथ शोधावा लागतो त्या गुडगावात लोक रस्त्याच्या मधोमध सायकली चालवत होते, दोरीवरच्या उड्या मारत होते, नाचत होते. त्यांतल्या कितीजणांना आपण 'व्यायाम' करतोय असं वाटलं असेल? दिल्लीच्या सीमेला लागून असलेलं अरवली जैवविविधता उद्यान मला त्याहूनही प्रिय. तिथं दगडाच्या खाणी होत्या. २०१० पासून नागरिकांनी पावणेचारशेहून अधिक एकरांवर धौसारखी अरवलीची मूळ झाडं लावली. पक्षी बघत आपण तिथं दीड तास चालतो आणि घड्याळाकडे लक्षच जात नाही.

आपल्या घरातही अशी ठेव आहे. मंगळागौरीला फुगडी, झिम्मा, पिंगा खेळून बघा. पाच मिनिटांत बोलता येत नाही. गणपतीत लेझीम धरलेल्या माणसाला वेगळी कवायत लागत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला. सूर्यनमस्कारांना चटईएवढी जागा पुरते, आणि हवा वाईट असलेल्या दिवशी तेवढीच जागा आपल्याकडे असते. वजन उचललं की बायकांची शरीरं पुरुषी होतात ही भीती मात्र सोडायला हवी. चाळिशीनंतर स्नायू आणि हाडं दोन्ही झिजतात, आणि जोर लावणारा व्यायाम ती झीज रोखतो.

'मी बारीक आहे, मला काय होतंय?' हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच छायाचित्र छापलं. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसूनही पोटात चरबी साठवतं, आणि मधुमेह तिथूनच शिरतो. म्हणून काट्याबरोबर टेपही ठेवावी. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या, स्त्रियांची ८० च्या वर गेली तर तपासणी करून घ्यावी. पोटाच्या बैठका मारून फक्त पोटाची चरबी जात नाही. स्नायू घट्ट होतो, चरबी सगळ्या अंगातून हळूहळू उतरते.

राहिलं ताट. इथं आलेली मराठी मंडळी पहिला भात सोडतात, कारण शेजारी सांगतात की पोळीनं वजन वाढत नाही. कच्चा तांदूळ आणि कणीक यांच्या उष्मांकांत मोठा फरक नाही. फरक आहे तो तंतूंत. पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅमला जेमतेम ३ ग्रॅम, ज्वारी-बाजरीत १० ते ११. त्यामुळे भात सोडून मैद्याचा नान आणि तंदुरी पराठा धरणं म्हणजे काहीच न सोडणं. वाटीभर भात, त्याबरोबर दोन वाट्या भाजी आणि घट्ट वरण, हे ताट उत्तम आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २,००० उष्मांकांच्या दिवसात ४०० ग्रॅम भाज्या आणि अवघे २५० ग्रॅम धान्य आहे. आपल्या बहुतेक ताटांत हे प्रमाण उलटं असतं.

तेलाचा हिशेब तर घरीच करता येतो. त्याच मार्गदर्शनात तेल-तूप मिळून माणशी दिवसाला २७ ग्रॅम सांगितलं आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर ते माणशी जवळपास ३८ ग्रॅम झालं, आणि तूप, लोणी, बाहेरचं खाणं अजून धरलंच नाही. वरणभातावर चमचाभर तूप विष नाही. पण 'साजूक आहे म्हणून कितीही' हेही खरं नाही, ती बहुतांश संपृक्त चरबीच. गुळाचंही तेच. लोह असतं, पण चमचाभर गुळात नावालाच, आणि मधुमेहाच्या माणसाला तो साखरेइतकाच बाधतो. फळाचा रस प्यायला की तंतू गाळणीत राहतात आणि साखर पेल्यात येते. मिठाचं तर लोणच्या-पापडात कळतच नाही. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत.

पौष्टिक म्हणजे महाग, परदेशी, डब्यावर छापलेलं, ही समजूत गुरुग्रामच्या चकचकीत दुकानांत फार लवकर रुजते. खरं तर हिवाळ्यात इथल्या हातगाडीवर जे मिळतं ते आपलंच असतं. बथुआ म्हणून जुडी विकतात तो आपला चाकवत. हरयाणवी शेजारीण त्याचं दह्यातलं रायतं करते, आपण ताकातली पातळ भाजी. दक्षिण हरयाणा हा बाजरीचा मुलूख. इथली बाजरीची खिचडी खाल्ली की भोगीची आठवण येते. लाल गाजर, ओला हरभरा, मटार, मुळा, सगळं दारात. भोगीच्या भाजीला लागणारं सामान मला इथं साताऱ्यापेक्षा ताजं मिळतं.

बाबा आता दर हिवाळ्यात येतात. अडीच वाजता, आकडा बघून, टोपी घालून निघतात. रखवालदाराशी हरयाणवीत दोन वाक्यं बोलतात, अर्धीअधिक चुकीची. परत येताना पिशवीत चाकवताची जुडी असते, आणि ती निवडायलाही तेच बसतात, गॅलरीत, उरलेल्या उन्हात.