उघडे बोअर : भरपाई मालकाने द्यायची की बोअरवाल्याने?

उन्हाळा लागला की गावोगाव बोअरच्या गाड्या फिरू लागतात. पाणी लागले तर नारळ फुटतो. नाही लागले तर गाडीवाला पैसे मोजून घेतो अन् पुढच्या शिवाराला निघतो. मागे उघडे तोंड राहते. कोणी त्यावर गोणपाट टाकतो, कोणी दगड ठेवतो. पोरंटोरं तिथंच खेळतात.

२००६ मध्ये हरियाणाच्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा अशाच खड्ड्यात पडला. लष्कराच्या जवानांनी त्याला जिवंत बाहेर काढले. सगळ्याच लेकरांचे नशीब तसे नसते. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत नियम घालून दिले. बोअर घेण्याआधी १५ दिवस जिल्हाधिकारी, सरपंच किंवा संबंधित खात्याला लेखी कळवायचे. बोअर मारणारी एजन्सी नोंदणीकृत हवी. काम चालू असताना काटेरी तारेचे कुंपण आणि मालक व एजन्सी या दोघांच्या पत्त्याचा फलक हवा. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा व तोंडाला घट्ट झाकण हवे. सोडून दिलेले बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरायचे. खेड्यात यावर देखरेख सरपंच आणि कृषी खात्याच्या अधिकाऱ्याने ठेवायची आहे.

अपघात झाला की मालक म्हणतो, "खड्डा बोअरवाल्यानं पाडला, माझा काय संबंध?" पण धोक्याचे काम दुसऱ्याला दिले म्हणून जागामालकाची जबाबदारी आपोआप संपत नाही. पीडित कुटुंब मालकावरही दावा लावू शकते.

मग बोअरवाला सुटला का? नाही. त्याने "माझ्या कामामुळे नुकसान झाले तर मी भरून देईन" असे कबूल केले असेल, तर १८७२ च्या करार कायद्याची कलमे १२४ व १२५ मालकाच्या कामी येतात. दाव्यात भरावी लागलेली रक्कम व वाजवी खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. मात्र ही हमी दोघांमधली आहे. ती दाखवून पीडिताला परत पाठवता येत नाही. तडजोड करायची तर बोअरवाल्याला आधी लेखी कळवावे, नाहीतर तो पुढे हात वर करतो.

कागद असेल तर निकालही लवकर लागू शकतो. समोरच्याने जबाबदारी स्पष्ट कबूल केली असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १२, नियम ६ प्रमाणे न्यायालय पूर्ण साक्षीपुरावा न घेताही निकाल देऊ शकते. पण चूक कोणाची यावरच वाद असेल, तर साक्षीपुरावा होणारच. मालकाने चार महिने तोंड उघडे ठेवले असेल, तर बोअरवाला नेमके तेच दाखवणार.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, इसार देण्याआधी झाकण कोण बसवणार, खड्डा कोण बुजवणार, नुकसान कोण भरणार हे लिहून सह्या घ्या. ग्रामपंचायतीनेही शिवारातल्या बंद बोअरची यादी करावी. बोअर कोरडे गेले तर ते बुजवून घ्या, मगच शेवटचे पैसे द्या.