कारखाना ओढायला बैल किती? एक रिकामपणचा हिशेब आणि एक कामाचा



हंगाम सुरू झाला की आपण म्हणतो, "गव्हाणीत मोळी पडली." ऊस पुढे सरकवणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्याला ज्याने पहिल्यांदा गव्हाण म्हटले, तो माणूस गोठ्यातूनच उठून आलेला असणार. गव्हाण आली म्हणजे बैल आला, आणि बैल आला की हिशेब आला. यार्डात नंबर लागेपर्यंत गाडीवाल्यांच्या गप्पांत असे हिशेब पुष्कळ निघतात. त्यातलेच काही कागद-पेन्सिल घेऊन करून पाहिले, ते येथे देतो.

प्रथम एक कबूल करतो. विज्ञानवाल्या मंडळींत एक जुना विनोद आहे. एका गोठेवाल्याने दूध का वाढत नाही म्हणून एका पदार्थविज्ञानाच्या पंडिताला विचारले. पंडित महिनाभर आकडेमोड करून आला आणि म्हणाला, "उत्तर सापडले, पण आधी गाय चेंडूसारखी गोल आहे असे धरावे लागेल." आमचे आकडेही याच जातीचे. सगळे ढोबळ. बैल तेवढा चौकोनीच ठेवला आहे.

आता बैल आणि कारखाना यांची तुलना बघा. कारखान्यात ऊस तीन-तीन रुळांच्या चार मिलमधून जातो आणि रस निघावा म्हणून वरून गरम पाणी मारतात. बैलाच्या पोटाचेही कप्पे चारच. तो दिवसातले सात-आठ तास रवंथ करतो. सेकंदाला एक चावा धरला तर नुसत्या रवंथीचे पंचवीस हजारांवर चावे झाले. वरून मारायचे पाणी म्हणजे लाळ. मोठे जनावर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गाळते. आपल्या चीफ इंजिनिअर साहेबांना एवढे पाणी मारायला सांगितले तर ते राजीनामा देतील. आणि गंमत अशी, की ज्या चोथ्यातून कारखान्याला काही काढता येत नाही म्हणून तो बॉयलरमध्ये जाळतो, तसल्या चोथ्यावर बैल जगतो. त्याच्या पोटातले जंतू तो पचवून देतात. तेव्हा या सामन्यात बैल जिंकला.

ताकदीचे काय? इंग्लंडात 1780 च्या सुमारास जेम्स वॅट वाफेची इंजिने विकत होता. गिऱ्हाईक विचारी, "तुझे यंत्र माझ्या किती घोड्यांचे काम करील?" म्हणून वॅटने घाण्याला जुंपलेला घोडा धरला. बारा फूट त्रिज्येचा फेरा, तासाला 144 फेरे, 180 पौंडांची ओढ. त्यावरून अश्वशक्ती ठरली. आपल्या मापात सांगायचे तर 76 किलो वजन सेकंदाला एक मीटर वर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. दिवसभर एवढा जोर टिकवणारा घोडा विरळा. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून वॅटने घोडा जरा तगडाच धरला, असे आपले माझे मत.

आता आपला बैल. खिलार असो की लालकंधारी, 400 किलोचा धरू. बैल दिवसभर न थकता आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी ओढ घेतो, म्हणजे 40 किलो. चाल तासाला तीन किलोमीटर. गुणाकार केला की एका बैलाची ताकद निघते 0.44 अश्वशक्ती. जोडी मिळून एकाला जरा कमीच.

रोज अडीच हजार टन गाळणारा कारखाना घ्या. टनाला 25 युनिट शक्ती लागते असे धरले तर सतत साडेतीन हजार अश्वशक्ती हवी. म्हणजे एका वेळी आठ हजार बैल. बैल सहा तासांनी सोडायचा म्हटले तर चार पाळ्या, एकूण बत्तीस हजार. एकेका जोडीला तीन मीटर जागा दिली तर एका पाळीच्या चार हजार जोड्यांची रांग बारा किलोमीटर जाते! दर बैलाला 25 किलो हिरवी वैरण म्हटली तर रोज आठशे टन झाली. अडीच हजार टन उसाची वाढी निघणार फार तर अडीचशे टन. उरलेल्या साडेपाचशे टनांसाठी बैल सरळ गव्हाणीतल्या उसालाच तोंड घालणार. शेण रोज तीनशे टनांच्या वर. आपल्या मळीचे ढीग त्यापुढे चिल्लर. गुऱ्हाळाच्या चरकाला एक जोडी पुरत होती, पण कारखान्याला बगॅसच हवा हे यावरून पटावे.

इथपर्यंतचा हिशेब रिकामपणचा. पण तोच 40 किलोचा आकडा आपल्या फडातल्या टायरगाडीला लावला, की हसू जरा कमी होते.

गाडीत तीन टन ऊस आणि गाडीचे अर्धा टन धरा. चांगल्या डांबरी रस्त्यावर टायरगाडी ओढायला एकूण वजनाच्या शेकडा तीन एवढी ओढ लागते असे धरू. म्हणजे 105 किलो. जोडीची सुखाची ओढ 80. म्हणजे सपाट रस्त्यावरच बैल थोडे वरचढ काम करत आहेत. दोन टन भरले असते तर ओढ 75 वर आली असती.

पण गाडी काही रस्त्यावर भरत नाही. नांगरटीच्या भुसभुशीत रानात ही ओढ शेकडा दहा होते, म्हणजे 350 किलो. सुखाच्या ओढीच्या चौपटीहून अधिक. बैल थोडा वेळ एवढा जोर लावतो, पण गुडघे टेकत. आणि काळ्या रानात ओल असेल तर शेकडा वीस सहज, म्हणजे सातशे किलो. दर बैलाला साडेतीनशे, जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढे. मग गाडी रुतते, दुसरी जोडी आणावी लागते आणि चाबूक निघतो. चाबकाने वजन कमी होत नाही, हे सांगायला वॅट लागत नाही.

चढ वीसला एक असेल तर 175 किलोची भर पडते. तोच उतार असेल तर सत्तर किलोचा रेटा उलट बैलांच्या अंगावर येतो.

भरणी कुठे केली यालाही महत्त्व आहे. दोन चाकांची गाडी म्हणजे तराजू. तीन टनांचा मध्य आसाच्या अर्धा फूट पुढे आला आणि जू आसापासून दहा फुटांवर असले, तर जुवावर दीडशे किलो पडतात, दर मानेवर पंचाहत्तर. खांदे येतात ते बहुधा यातूनच. मध्य मागे गेला तर गाडी उलाळ होते, तेही धोक्याचेच. मोळी पंधरा किलोची धरली तर दहा मोळ्या इकडच्या तिकडे केल्याने बराच फरक पडतो.

आता कोणी म्हणेल, बैल तोडणीवाल्याचे, गाडी भरणारा तो, आमचा काय संबंध? बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या त्या माणसाने बऱ्याचदा उचल घेऊनच जोडी घेतलेली असते. बैल पायातून गेला की त्याचा हंगाम गेला, आणि फडात अर्धा तुटलेला ऊस आपला वाळत राहिला. शिवाय वरच्या हिशेबातला सर्वात मोठा आकडा, ते सातशे किलो, हा गाडीवाल्याच्या हातातला नाहीच. तो रानाच्या ओलीचा आहे, आणि पाणी आपण सोडतो.

तोडीच्या तोंडावर वजन वाढावे म्हणून पाणी द्यायची खोड पुष्कळांना आहे. वजन दिसते, पण उतारा घसरतो आणि दर तर कारखान्याच्या उताऱ्यावर बसतो. म्हणजे एकाच्या पाण्याचा भुर्दंड सगळ्या सभासदांना. पंधरा-वीस दिवस आधी पाणी तोडावे. फडातून रस्त्यापर्यंतची गाडीवाट बांध फोडून, खड्डे भरून आधी करून द्यावी. वाट वाईटच असेल तर गाडी अर्धी भरून बाहेर काढावी आणि उरलेल्या मोळ्या रस्त्याच्या कडेला चढवाव्यात. टायरमध्ये हवा आणि बेअरिंगला ग्रीस आहे ना, हे गाडीवाल्याला विचारायला संकोच नको.

केंद्र सरकारने 1965 साली ओढकामाच्या जनावरांसाठी नियम केले आहेत. बैल लहान की मोठा, गाडीला हवेचे टायर आहेत की नाहीत, यावर त्यांत वजनाची मर्यादा आहे. दिवसात नऊ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचे नाही. पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपायची नाही. फेब्रुवारी-मार्चच्या तोडीला हे शेवटचे कलम लागू पडते.

शेवटच्या पाण्याची तारीख मात्र प्रत्येकाच्या रानाप्रमाणे वेगळी निघेल. काळ्या रानाला चार दिवस आधी, मुरमाड रानाला चार दिवस उशिरा. तोडीचा अंदाज चिटबॉयकडून घेऊन ती आजच ठरवावी.