साखर आपल्या डब्यात, रेशन तिच्या गावात

मैत्रिणींनो, वाण्याच्या यादीत साखर वर असते. भाव दोन रुपयांनी चढला की आपल्या लगेच ध्यानात येतं. पण हा ऊस ज्या बाईने तोडला, तिच्या घरात महिन्याचं धान्य कुठून येतं, याचा विचार कधी केलाय?

बारामतीहून इंदापूरकडे निघालं, की भवानीनगरचा साखर कारखाना मागे टाकून पुढे अंथुर्णे लागतं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हा सारा भाग उसाचा झाला. दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबं अशा भागांत तोडणीसाठी येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत कोपीत राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी फेडायची. पहाटे भाकऱ्या थापायच्या, दिवसभर उसाच्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या. हिशेबात नाव मात्र बहुधा नवऱ्याचं! एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. म्हणून पाळी असो की दुखणं, ती अंगावर काढते. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. वाचून पोटात गोळा येतो, नाही का?

अशा बाईला आधार हवा तो कामाच्या जागी. पण रेशन, अंगणवाडी सगळं बांधलेलं तिच्या गावाला. १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी कायदा झाला, तो परराज्यात जाणाऱ्यांपुरता. बीडहून इंदापूरला आलेली बाई त्यात बसलीच नाही. हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. चीनमध्ये १९५८ पासूनच्या घरनोंदणीमुळे खेड्यातून शहरात कामाला आलेल्यांची मुलं वर्षानुवर्षे तिथल्या सरकारी शाळांना मुकली.

आता थोडी वाट मोकळी झाली आहे. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत कार्ड आधारला जोडलेलं असेल, तर धान्य कुठल्याही रास्त भावाच्या दुकानात अंगठा लावून मिळतं. घरी राहिलेल्या सासूबाईंनी आपला वाटा गावी घ्यावा, सुनेने आपला इकडे, असंही चालतं. गरोदर बाई आणि लहान मुलं यांची नोंद मुक्कामाजवळच्या अंगणवाडीत करता येते.

अडतं कुठे, तर हे तिला सांगणारं कुणी नसतं. अंधारात कामाला निघणारी बाई दुकानाची वेळ कधी गाठणार? म्हणून आपण एवढं तरी करू या. तोडणीवाल्या असोत किंवा समोरच्या बांधकामावरच्या मजूर बाया, विचारावं, "बाई, रेशनकार्ड बरोबर आणलंय का? आधारला जोडलंय का?" जवळचं दुकान दाखवावं. मूल लहान असेल तर अंगणवाडीताईंना निरोप द्यावा. लसीचं कार्ड जपून ठेवायला सांगावं. दुकानदार नाही म्हणाला, तर तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत तक्रार करता येते, हेही कानावर घालावं. आपली दहा मिनिटं जातील; तिच्या चुलीवर महिनाभराचं धान्य शिजेल.